शिंकऱ्या तियांगचा पेला

तियांग शिंकला की डोंगरातल्या सांबरांचं आयुष्य वाढतं, असं सिनावुलमध्ये लोक म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, तोंडावर म्हणायचे. आमच्या गावात पाठीमागं बोलायची पद्धतच नाही, त्यात मजा येत नाही.

आमच्याकडं शिकारीला निघताना कुणी शिंकलं, की शिकार तिथंच संपली. बंदुका परत भिंतीला, कुत्री परत साखळीला. मग तुम्ही कितीही मोठे शिकारी असा, आणि सरकारी अर्ज कितीही टापटीप भरलेला असो. तियांगला तर लहानपणापासून नाकाचं दुखणं. धूळ चालत नाही, धूर चालत नाही, कुत्र्याचे केस चालत नाहीत, राळ्याचा भुसा तर बघूनच डोळ्यांना पाणी. आयुष्यात चार वेळा तो शिकारीला निघाला आणि चारही वेळा अख्खी टोळी गावाच्या वेशीवरनं माघारी आली. चौथ्या वेळी बिचाऱ्यानं दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबला होता. वेशीवरच्या पुलापर्यंत गडी दम धरून आला. पुलावर जी शिंक आली ती कापसासकट, आणि बोळा जाऊन बसला पुढं चाललेल्या तामा दाहूच्या मानेवर. तामा म्हणजे बाप, काका, बापाच्या वयाचं कुणीही. हा तामा दाहू त्याचा सख्खा काका, बापाचा थोरला भाऊ. त्यानं मान पुसली, बंदूक खांद्यावरनं उतरवली आणि म्हणाला, "घरी जा रे बाबा. आईला भाजी चिरू लाग."

तियांग खरंच घरी गेला आणि भाजी चिरू लागला. पुढं तेच त्याचं काम झालं. गावात म्हाताऱ्यांचं केंद्र निघालं, तिथं त्याची आई होआ स्वयंपाकाला लागली आणि तियांग म्हाताऱ्यांचं बीपी बघायला, गोळ्या द्यायला, नखं कापायला. अठ्ठावीस म्हातारे-म्हाताऱ्या. पोरं सगळी कारखान्यांत, दूर शहरात. सव्वीस वर्षांचा धडधाकट गडी म्हाताऱ्यांची नखं कापतो म्हणून पहिले काही महिने लोक हसले. मग प्रत्येकाच्या घरच्या म्हातारीची नखं नीट दिसायला लागली, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

होआ आमची नाही. मेकाँग नदी जिथं समुद्राला मिळते तिथली ती. तियांगचा बाप बियुंग याच्याशी लग्न करून अठ्ठावीस वर्षांपूर्वी आली. आली तेव्हा तिला आमची भाषा येत नव्हती आणि डोंगर माहीत नव्हता. पहिल्या हिवाळ्यात घरातलं सगळं पांघरूण अंगावर घेऊन चुलीपाशी बसायची. आता ती आमच्या भाषेत भांडते, आणि भांडणात ती जिंकते. डुकराच्या रश्श्यात मासळीचं खारं पाणी घालते ते आधी कुणाला आवडलं नव्हतं. आता ते नसलं तर म्हातारे ताट सरकवतात. गावातली पोरं आपापल्या आईला चिना म्हणतात, पण तियांग तिला तिच्या पद्धतीनं मा म्हणायचा. तेवढं एक तिच्याकडचं त्या घरात राहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बियुंग गेला. शेतात छातीत कळ आली आणि बसल्या जागी आटोपला. गावच्या सणात पुरुषांच्या रिंगणात त्याची जागा रिकामी झाली. पहिलं वर्ष दुखवट्याचं म्हणून सोडलं. या वर्षी सणाच्या आठ दिवस आधी तामा दाहू घरी आला, पाय पुसले आणि बसायच्या आधीच म्हणाला, "तियांग, या खेपेला पेला तुझ्याकडं येणार. आपल्या घरावरनं तो रिकामा पुढं गेलेला मला चालणार नाही."

तियांगच्या हातातला चहा सांडला.

आता तो पेला काय, हे सांगायला हवं. सणाच्या दिवशी पुरुष रिंगण करून उकिडवे बसतात. राळ्याच्या दारूचा एक पेला फिरतो. ज्याच्या हातात पेला, त्यानं ओरडून आपला पराक्रम सांगायचा. चार चार ठोक्यांच्या आखूड ओळींत, उगाच पाल्हाळ नाही. तो एक ओळ ओरडला की सगळं रिंगण तीच ओळ परत ओरडतं. बायका मागं उभ्या असतात, पेल्यावाल्याचं बोलणं शेवटाला आलं की त्या आनंदानं उड्या मारतात. आणि सगळ्यात शेवटी, पेला ओठाला लावायच्या आधी, त्यानं आपल्या आईचं कुळ सांगायचं. कारण पराक्रम कुणाचाही असो, माणूस आईचा.

खोटं मात्र बोलायचं नाही. गावातल्या बालीनं एकदा पेला घेऊन एका डुकराची दोन डुकरं केली होती. त्याच दुपारी तो स्कूटरसकट अळूच्या शेतात गेला आणि कपाळाला सहा टाके पडले. आणि रिंगणाला एखाद्याचं बोलणं पटलं नाही तर ते गप्प राहतं. मग त्या माणसानं पेला खाली ठेवायचा आणि उठून जायचं. मी माझ्या उभ्या जन्मात ते एकदाच पाहिलं, आणि तो माणूस पुन्हा गावात राहिला नाही.

"पण तामा, मी मारलंय काय? मच्छर?" तियांग म्हणाला.

"ते बघू. बापाबरोबर एकदा भेकराला गेला होतास ना?"

"वेशीपर्यंत."

"मग वेशीपर्यंत गेलो म्हण. ते कोण विचारतंय!" तामा दाहूनं हात झटकला. खरं बोलायचं ते पुढंच होतं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "कुळाचं म्हणत होतो. शेवटी तू माझ्या आईचं कुळ सांग. पालालावी. तुझ्या आजीचंच आहे, परकं नाही. चार ठोक्यांत चपखल बसतं, लोकही सवयीनं ओरडतील. उगाच भलतंच काही नको. पाहुणे असतात, कॅमेरे असतात."

होआ ओट्याशी भोपळ्याचे कोंब सोलत होती. हात थांबले नाहीत, नुसते सावकाश झाले.

"मा, तू काय म्हणतेस?" तियांगनं विचारलं.

"तामा म्हणतात तसंच कर," ती पाठमोरीच म्हणाली. "माझं नाव तिकडचं, तिकडं राहिलं. इथं कोण ओळखतं त्याला? गप आपलं सांग आणि पी."

तामा दाहूला बरं वाटलं. चहा संपवून तो गेला. होआनं ते कोंब धुतले, पुन्हा धुतले, आणि तिसऱ्यांदा धुवायला घेतले तेव्हा तियांगनं तिच्या हातातली परडी काढून घेतली.

त्याला बापाचे सण आठवले. बियुंगचा पेला आला की सगळ्या बायकांत उंच उडी होआची असायची. ठेंगणी बाई, पण चेंडूसारखी उडायची. बियुंग शेवटी "पालालावी!" म्हणून ओरडायचा आणि ती सासूच्या कुळासाठी उडायची. चोवीस-पंचवीस वर्षं उडाली. तिच्या स्वतःच्या कुळाचं नाव या डोंगरात एकदाही कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आजीचं नाव सांगितलं तर ते खोटंच होणार होतं, आणि तेही आईच्या देखत. आणि आईचं सांगितलं आणि रिंगण गप्प राहिलं तर? मग सगळ्या गावासमोर फजिती त्याची नव्हे, तिची होणार होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रात त्यानं हुदास लिआनच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. हुदास म्हणजे आजा. लिआन एक्याण्णव वर्षांचा, गावातला सर्वांत जुना शिकारी. एक कान गेलेला, दात चार, आणि ते चारही तो हसताना दाखवतो.

"हात थरथरतोय," लिआन म्हणाला. "माझा नाही, तुझा."

तियांगनं सगळं सांगितलं. मी शिकार केलेली नाही, मी काय सांगू, मी बसतच नाही रिंगणात.

"शिकार केली नाहीस? मग मला कोण घेऊन गेलं?"

"ते वेगळं, हुदास."

ते वेगळं कसं, ते मला आजही कळत नाही. गेल्या वर्षीच्या वादळात रस्त्यावर अख्खा डोंगर आला. लिआनच्या पोटात आतडं अडकलं, म्हातारा काळानिळा पडला. ढग इतके की हेलिकॉप्टर येईना. मोठे मोठे शिकारी केंद्राच्या ओसरीत उभे राहून सकाळपर्यंत थांबू म्हणत होते. तियांग घरी गेला, बापाची सांबर वाहायची लाकडी चौकट काढली, तिच्यावर म्हाताऱ्याला बांधला, पट्टा कपाळाला लावला आणि शिकाऱ्यांच्या जुन्या वाटेनं निघाला. निघताना तीन वेळा शिंकला. ओसरीतल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. शिंकेवर निघायचं नसतं. तियांग थबकला, डोळे पुसले आणि गेला. चार तास. पलीकडच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. डॉक्टर म्हणाले, आणखी तासाभरानं आणला असता तर नुसती सही करायची राहिली असती.

"किती किलोचा होतो मी तेव्हा?" लिआननं विचारलं.

"बावन्न."

"चांगलं मोठं डुक्कर झालं की! ते सांग."

"आणि कुळ, हुदास? तामा म्हणतो आजीचं सांग."

यंत्रानं टीं टीं केलं, एकशे चाळीसवर नव्वद. मग लिआन म्हणाला, "ते मी सांगणार नाही. तोंड तुझं आहे. पण मीठ कमी कर म्हणून मला रोज सांगतोस, आणि तुझी आई मला चोरून ते मासळीचं पाणी वाढते. एवढंच सांगतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बीपी त्यानं वाढलंय. लिही."

सणाचा दिवस उजाडला तो लख्ख. मैदानात मंडप, लाऊडस्पीकर, डुकराच्या मांसाचा धूर. तालुक्याचे साहेब आले, त्यांनी आमची संस्कृती किती थोर आहे ते आम्हालाच पाऊण तास समजावलं. त्यांच्या माणसाचं ड्रोन डोक्यावर घोंघावत होतं, तेव्हा आबूस म्हातारीनं चप्पल भिरकावली. लागली नाही, पण ड्रोन वर गेलं.

तियांगनं सकाळी नाकाची गोळी घेतली होती, आणि खात्रीला म्हणून आणखी अर्धी. होआनं त्याला बापाचं लाल जाकीट घातलं, खांद्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "पालालावी. लक्षात आहे ना? चार ठोके." तिनं स्वतः केस धुतले होते, सणाचे कपडे घातले होते, आणि बायकांच्या रांगेत अगदी मागं, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

पेला निघाला. तामा दाहूनं दोन सांबरं आणि सहा डुकरं सांगितली, रिंगणानं गर्जून सांगितली. शेवटी "पालालावी!", "पालालावी!" झालं आणि पेला तियांगच्या हातात आला. दारू ताजी गाळलेली होती, वर राळ्याचा बारीक भुसा तरंगत होता. तियांगनं श्वास तोंडानं घेतला.

"डोंगर खचला!" तो ओरडला. आवाज फाटला.

"डोंगर खचला!" रिंगण ओरडलं. साठ गळे. त्याच्या पाठीत एकदम जोर आला.

"वाट बुजली!"

"वाट बुजली!"

"पट्टा कपाळी!"

"पट्टा कपाळी!"

"लिआन पाठी!"

हे म्हणताना रिंगणात हसू फुटलं, पण सगळ्यांनी म्हटलं. लिआन खुर्चीत ताठ बसला होता. गुडघ्यांमुळं त्याला उकिडवं बसता येत नाही. त्यानं छाती पुढं काढली आणि आजूबाजूला असं बघितलं, की बघा, हा मी.

"बावन्न किलो!"

"बावन्न किलो!"

आणि तेवढ्यात तो भुसा नाकात गेला. तियांगनं डोळे मिटले, ओठ आवळले, बोटानं नाक दाबलं. कशाचा काय उपयोग!

"आऽऽक्छीऽऽ!"

मैदान चिडीचूप झालं. लाऊडस्पीकरसुद्धा नेमका बंद होता. तामा दाहूचा चेहरा उतरला, तो अर्धा उठला. पेल्यावर शिंकायचं म्हणजे झालं! मागं बायकांच्या रांगेत होआनं दोन्ही हात तोंडावर घेतले. तियांगला वाटलं, आता पेला खाली ठेवावा आणि थेट डोंगरात चालत जावं.

तोच खुर्चीतनं हुदास लिआन गरजला, "आऽऽक्छीऽऽ!"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"बघताय काय माझ्याकडं?" म्हातारा कडाडला. "पेल्यावाला जे म्हणेल ते म्हणायचं, की एवढंही विसरलात?"

"हुदास, ती शिंक होती," तामा दाहू म्हणाला. "अपशकुन आहे."

"मला अपशकुन शिकवतोस? तुझ्या बापाला मी फासे लावायला शिकवलं! शिंकेनं काय होतं? शिकार सुटते. बरोबर? त्या दिवशी शिकारी कोण होता? मरण होतं. आणि शिकार कोण? मी! हा पोरगा चार तास माझ्या कानाशी शिंकला आणि मी सुटलो. माझ्यासाठी याहून मोठा शकुन कुठला? म्हणा!"

मग बालीनं, तोच तो सहा टाक्यांचा बाली, हळूच "आक्छी" केलं. आणि मग साठ पुरुषांनी मिळून अशी शिंक दिली, की मंडपावरची पाखरं उडाली. साहेबांनी रुमाल काढला. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तियांगही हसत होता आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, भुशाचं की कशाचं कोण जाणे.

"जिवंत नेला!" तो ओरडला. आता आवाज फाटला नाही.

"जिवंत नेला!"

"जिवंत आणला!"

"जिवंत आणला!"

आता फक्त कुळ राहिलं. हसणं ओसरलं. तामा दाहू बाजूलाच होता, त्यानं न बोलता ओठ हलवून दाखवले, पा-ला-ला-वी. तियांगनं मागं बघितलं. होआ खाली मातीकडं बघत होती, केस नीट बांधलेले, हात पोटाशी धरलेले. उडायला तयार होती ती. सासूच्या नावासाठी, नेहमीसारखी.

तियांगला इतका राग आला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"फाम!" तो ओरडला.

एकच ठोका. बाकीचे तीन ठोके रिकामे. रिंगण वाट बघत राहिलं, पुढं काहीतरी असेल म्हणून. फाम म्हणजे काय, कुणाला कळेना. होआची मान मात्र झटकन वर आली.

चार ठोके हवेत ना? घ्या चार. तियांगनं पेला डोक्यावर धरला आणि अंगातला सगळा जोर लावून ओरडला, "फाम! फाम! फाम! फाम!"

पुन्हा तीच शांतता. या खेपेला लिआनसुद्धा गप्प होता. ओठ घट्ट मिटून तो तामा दाहूकडं बघत होता. तियांगनं पेला तसाच वर धरून ठेवला, दारू मनगटावरनं जाकिटात उतरली. त्याला आईकडं बघायची हिंमत होईना.

आणि मग अगदी शेजारून, खर्जातला, घोगरा आवाज आला.

"फाम! फाम! फाम! फाम!"

तामा दाहू. एकटाच. मान खाली, मुठी गुडघ्यांवर, आणि डोळे मिटलेले. नंतर तो सगळ्यांना सांगत सुटला की तोंडाला सवयच ती, चाळीस वर्षं पेल्यामागं ओरडतोय, निघून गेलं तोंडातनं. असेल. पण बियुंग गेला तेव्हा त्याच्या प्रेताच्या उशाशी तीन दिवस कोण बसलं होतं, थोरल्या दिराला भरवल्याशिवाय कोण जेवलं नव्हतं, हे तो विसरला नव्हता. ते त्या आवाजात होतं, मी ऐकलंय.

त्याच्यामागून साठच्या साठ गळे फुटले. "फाम! फाम! फाम! फाम!" समोरच्या डोंगरावर आपटून ते परत आलं, म्हणजे डोंगरानंही म्हटलं. तियांगनं पेला एका दमात संपवला आणि तेव्हा कुठं मागं वळून बघितलं.

होआ उडाली नव्हती. बायका सगळ्या उडत होत्या आणि ती मधोमध खांबासारखी उभी. तोंड उघडं. जणू पायच विसरली होती. आबूसनं तिच्या बरगडीत कोपर मारलं. "अगं, उभी काय राहिलीस? उड ना! तुझंच नाव आहे ते!"

"माझंच," होआ म्हणाली. "माझ्या बाबांचं."

आणि उडाली. पहिली उडी लहानशी होती, चाचपून बघावं तशी. दुसरी मोठी. तिसरीला एक चप्पल निघून साहेबांच्या पायाशी पडली आणि बांधलेले केस सुटले. ती रडत होती, हसत होती आणि उडत होती. रिंगणात पेला बालीकडं गेला, त्यानं मोजून एकच डुक्कर सांगितलं, त्याच्या आईचं कुळ झालं, पेला तिथून पुढच्याकडं गेला आणि त्याच्याही पुढच्याकडं गेला. होआ अजून उडतच होती. तिला थांब म्हणायला कुणीही गेलं नाही.